जिन्यातला कागद

माझ्या मुलीने मला आयुष्यात दोनदाच सल्ला विचारला. पहिल्यांदा ती सतरा वर्षांची होती आणि आर्किटेक्चर घेऊ की इंजिनीअरिंग, असा प्रश्न होता. मी इंजिनीअरिंग म्हणालो. तिने आर्किटेक्चर घेतलं आणि नाव काढलं. दुसऱ्यांदा विचारला तो गेल्या वर्षी, युरोपातून, फोनवर. त्या वेळी मात्र तिने माझं ऐकलं.

ती तिथे नोकरीला गेली त्याला आता तीन वर्षं होतील. नदीकाठचं एक मध्यम शहर आहे. नाव देत नाही, कारण जे घडलं ते त्या एकाच शहरात घडतं असं कुणाला वाटायला नको. मी इथे सिंगापूरमध्ये, तोआ पायोहला, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. जहाजावर चीफ इंजिनीअर होतो. बायकोला समुद्रावरच्या माणसाचा संसार एकटीने ओढावा लागला आणि मी निवृत्त होऊन घरी बसल्यावर अडीच वर्षांत ती गेली. तेव्हापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही. मुलगी इथल्या शाळेत शिकली. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तिचं बोलणं मी इथे मराठीतच लिहितो आहे, कारण माझ्या डोक्यात ते तसंच साठतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचं गाव रेवदंड्याच्या बाजूला. पूर्वज फुटलेल्या जहाजातून कोकणच्या किनाऱ्याला लागले असं सांगतात. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. गावात आमच्या प्रार्थनेच्या जागेला सगळेच मशीद म्हणायचे. आम्हीसुद्धा. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. इतक्या पिढ्यांत तिथून आम्हाला कुणी हाकललं नाही, कपड्यावर खूण लावायला लावली नाही. युरोपात आमच्या धर्माच्या लोकांचं काय झालं ते मी शाळेच्या पुस्तकात वाचलं, आणि वर्गातल्या इतर मुलांना ते जितकं लांबचं वाटलं तितकंच मलाही वाटलं. घरात त्याची आठवण सांगणारं कुणी नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी तिथे नव्हतंच.

इथे मराठी मंडळी गणपतीला बोलावतात. मी जातो, आरतीला टाळ्या वाजवतो, मोदक खातो. कुणीतरी नवा पुण्याचा इंजिनीअर माझं कोकणी आडनाव ऐकून खूश होतो, मग पहिलं नाव ऐकून थबकतो आणि म्हणतो, ‘अरे वा, इंटरेस्टिंग!’ शनिवारी प्रार्थनेला जातो तिथे निरनिराळ्या देशांचे लोक असतात. तिथे मी ‘इंडियन अंकल’. दोन्हीकडे लोक चांगलेच वागतात. दोन्हीकडून घरी येतो तेव्हा मात्र कुलूप उघडण्याचा आवाज जरा मोठाच वाटतो.

मुलीने युरोपात घर भाड्याने घेतलं तेव्हा मी तिला मेझुझा पाठवला होता. दाराच्या चौकटीला ठोकायची छोटी डबी, आत प्रार्थनेचा कागद. आमच्या गावच्या घरची, पितळी होती ती. मुलगी धार्मिक नाही, पण तिने हौसेने तो दाराबाहेर लावला. आठवड्याने घरमालक आला. सज्जन, सत्तरीचा माणूस. म्हणाला, ‘माझी काहीच हरकत नाही. पण तुझ्याच सुरक्षेसाठी सांगतो, काढून ठेव. दिवस बरे नाहीत.’ तिने तो काढून दाराच्या आतल्या बाजूला लावला.

‘कुणाची भीती आहे त्याला?’ मी विचारलं.

‘त्याने नाव नाही घेतलं, पप्पा. पण समोरच्या दाराकडे बघितलं.’

समोरच्या दारात एक नर्स राहत होती. मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. आईवडील उत्तर आफ्रिकेतून आलेले, हिचा जन्म तिथलाच, शिक्षण तिथलंच. डोक्याला रुमाल बांधायची. दाराशेजारी अरबी अक्षरांची निळी फरशी लावलेली आणि खाली बूट ठेवायचं लाकडी फडताळ. पहिल्या हिवाळ्यात मुलीला ताप आला, चार दिवस अंथरुणात होती. तेव्हा ह्या बाईने ड्यूटीवरून येऊन झाकणाच्या भांड्यातून मसुराचं सूप दिलं, ताप मोजला, आणि खिडकी उघडी ठेवल्याबद्दल रागावली. मला फोनवर हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात तिचे आभार मानले. मुलीमार्फत निरोपही पाठवला. म्हणजे मला ती माहीत होती. पुढे जे केलं ते अनोळखी बाईबाबत केलं, असं मला म्हणता येणार नाही.

मग तो फोन आला. इथे संध्याकाळ होत होती, मी हॉकर सेंटरवरून जेवण बांधून आणलं होतं.

‘पप्पा, जिन्यात एक कागद लावलाय,’ ती म्हणाली. ‘सगळ्या भाडेकरूंनी आणि मालकांनी सही करायची आहे. सामायिक जागेत धार्मिक चिन्हं, धार्मिक मजकूर आणि पादत्राणं ठेवायची नाहीत, असा नियम करायचा आहे.’

‘मग?’

‘दारावर नाताळाची हिरवी चक्रं लावतात ना, ती चालतील. मी विचारलं. ते म्हणाले, ती परंपरा आहे, धर्म नाही.’

‘तुझं तर दाराच्या आतच आहे.’

‘म्हणूनच विचारते. अख्ख्या इमारतीत दाराबाहेर काही आहे ते एकाच घराचं.’

मला तेव्हा काय वाटलं ते मी पुढे बरेच दिवस लोकांना, आणि स्वतःलाही, असं सांगत होतो: मला आमचा कॉरिडॉर आठवला. आमच्या मजल्यावर चिनी आजीबाईंचा लाल देव्हारा दाराबाहेर आहे, संत्री ठेवलेली असतात. पलीकडच्या मलय म्हाताऱ्याच्या दारावर कुराणातली ओळ आहे, त्यापुढच्या तमिळ घराला आंब्याची पानं, आणि मधे माझा मेझुझा. इथेही नोटिसा येतात. बुटांचं कपाट भिंतीला लावा, कुंड्या हलवा, स्ट्रेचर जाईल एवढी वाट मोकळी सोडा. पूर्वी मी वैतागायचो. मग एका दुपारी बायकोचं स्ट्रेचर त्याच वाटेने नेलं, आणि त्यानंतर कधी वैतागलो नाही. तेव्हा नियम म्हणजे नियम, तो जागेचा असतो, माणसाचा नसतो, असं मी धरून चाललो.

‘सही करून टाक,’ मी म्हणालो. ‘तू तिथे नवी आहेस. कशाला डोळ्यावर येतेस?’

‘तिला वाईट वाटेल.’

‘फरशी आत लावता येते. तू मेझुझा नाही का लावलास?’

ती म्हणाली, ‘ओके, पप्पा.’

पुढचे दोन महिने ती फोनवर हवापाण्याचं बोलली. मी काही विचारलं नाही. मग एका रविवारी तिने व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

नियम मंजूर झाला होता. नर्सने बुटांचं फडताळ आत घेतलं, फरशी काढली नाही. म्हणाली, ती भिंतीत बसवली आहे, माझ्या स्वतःच्या भिंतीत. तिला एक नोटीस आली, दुसरी आली. मग एका सकाळी तिच्या पायपुसण्यावर कुणीतरी कुजलेला कचरा ओतला. नंतर फरशी फोडली. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्यापैकी कुणी फरशी फोडली असेल असं मुलीला वाटत नव्हतं. ते सगळे जिन्यात भेटले की दार धरून उभे राहणारे लोक. पण सह्या झाल्यावर कुणाला तरी वाटलं असावं की आता हे चालतं. त्या दिवशी, म्हणजे त्याच रविवारी सकाळी, नर्स घर सोडून गेली होती.

‘तू भेटलीस का?’ मी विचारलं.

‘नाही.’

‘मदत तरी...’

‘मी दारामागे उभी होते, पप्पा.’ तिचा आवाज एकदम चढला. ‘दाराच्या छिद्राला डोळा लावून. ती आणि तिचा भाऊ खोकी उतरवत होते. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला वाटलं, आता उघडते. नाही उघडलं. तो कागद तिनेही वाचला होता. माझी सही तिसरी होती.’

मी म्हणालो, ‘तुझा काय दोष त्यात?’

‘तुम्ही सांगितलंत म्हणून केली, असं मला म्हणायचं नाहीये. मी मोठी आहे. पण तुम्ही एवढं सहज कसं सांगितलंत?’

मी कॉरिडॉरचं, स्ट्रेचरचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं, आणि आईचा विषय निघाला म्हणून असेल, डोळे पुसले. फोन ठेवला. नंतर तिने फोन घेतला नाही. मेसेजला एका शब्दात उत्तर यायचं. बिझी. ओके. लेटर.

ते आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. सकाळी फेरी, दुपारी पंखा, टीव्ही. तिच्या वेळेचं घड्याळ मी स्वयंपाकघरात लावलं होतं, ते बघत बसायचो. आता ती उठली असेल, आता ट्राममध्ये असेल. लिफ्टमध्ये मलय म्हातारा भेटला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, ‘मुलगी कशी आहे?’ त्याने पूर्वी बस चालवली आहे, बायको आजारी असताना न विचारता आमचा बाजार आणून द्यायचा. त्याच्याकडे न बघता मी ‘बरी आहे’ म्हणालो आणि एक मजला आधीच उतरलो.

प्रार्थनेनंतर शनिवारी सगळ्यांना एकत्र जेवण असतं. तिथे एक आजी येतात. नव्वदीला टेकलेल्या, युरोपात जन्मलेल्या. तान्ह्या असताना आई त्यांना घेऊन बोटीने शांघायला पळाली, पुढे लग्न होऊन त्या इथे आल्या. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो, पण बोलणं मिठाच्या बाटलीपलीकडे गेलं नव्हतं. त्यांच्या घरात जे घडलं त्यापुढे आपण काय बोलणार, असं मला वाटायचं. त्या शनिवारी त्यांनीच विचारलं, ‘तुमची मुलगी तिकडे असते ना? सुखात आहे?’

मी सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, माहीत नाही. कदाचित आठवडाभरात मला नीट प्रश्न विचारणारं पहिलंच माणूस होतं ते.

त्या काटा खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या जिन्यातही कागद लागला होता. अंगणातल्या बाकावर कुणी बसायचं, त्याचा. फक्त बाकाचा. आई सांगायची.’

‘सगळ्यांनी सह्या केल्या?’

‘एक सोडून. आई मजल्यांप्रमाणे नावं म्हणायची. तळमजला डावीकडे, तळमजला उजवीकडे, पहिला मजला. शांघायमध्ये भांडी घासताना म्हणायची. शिव्या देत नव्हती हं. नुसती नावं.’

‘आणि ज्याने केली नाही तो?’

त्या हसल्या. ‘तो काही भला माणूस नव्हता. कमिटीच्या सेक्रेटरीशी त्याचं पाण्याच्या नळावरून भांडण होतं, म्हणून त्याने कुठल्याच कागदावर सही केली नसती. आईला हे माहीत होतं. तरी ती मरेपर्यंत त्याच्या नावाने शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला एक मेणबत्ती जास्त लावायची.’

मग त्यांनी माझ्याकडे बघून सरळ विचारलं, ‘मुलीला तुम्ही चुकलात असं सांगितलंत?’

‘तिला कारण सांगितलं.’

‘ते वेगळं,’ त्या म्हणाल्या, आणि कोबीची कोशिंबीर माझ्याकडे सरकवली.

बायको होती तोवर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमच्याकडे फोन बंद असायचा. ती सवय मी ठेवली आहे. सूर्य मावळेपर्यंत वाट पाहिली आणि मुलीला मराठीत लिहिलं. ती देवनागरी अडखळत वाचते, म्हणून छोटी वाक्यं लिहिली. ‘मी तुला चुकीचं सांगितलं. नियम जागेचा नव्हता. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. तू विचारलंस तेव्हा तुला कळलं होतं.’ दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

आठ-नऊ दिवसांनी फोन वाजला. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, ‘पप्पा, माझ्याकडे तिचं भांडं राहिलंय. सुपाचं. तिच्या हॉस्पिटलचा पत्ता माहीत आहे, मी उद्या जाणार आहे. रिकामं नेऊ नये ना? आई असं काहीतरी म्हणायची.’

‘रिकामं द्यायचं नसतं,’ मी म्हणालो.

‘मग काय घालू? आईचा तो गुलाबी हलवा सांगा.’

आमच्याकडे नव्या वर्षाला नारळाच्या दुधाचा हलवा होतो, गव्हाच्या चिकाचा. पण तो बायको करायची. माझं काम फक्त ढवळायचं. दोन-दोन तास, कढईच्या तळाला लागू न देता. मापं मला ठाऊक नव्हती. तिने तिकडे डब्यातलं नारळाचं दूध आणि कॉर्नफ्लॉवर आणून ठेवलं होतं. मी म्हणालो, अंदाजाने घाल. ती म्हणाली, ‘अंदाजाने म्हणजे किती? कॅनॉट, पप्पा, असं नाही चालत, नंबर सांगा.’ शेवटी तिने फोन ओट्यावर उभा करून ठेवला आणि मी ह्या टोकावरून बघत बसलो. गॅस कमी कर. आता थांबू नकोस. कडेने सोडवून घे. दीड तास आम्ही हलव्याखेरीज काही बोललो नाही. गुलाबी रंग तिच्याकडे नव्हता, पांढराच झाला. वड्या वाकड्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ती गेली. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नर्स तिला दहा मिनिटं भेटली. मुलीने आधी सांगितलं की तिने इमारतीच्या कमिटीला पत्र देऊन आपली सही मागे घेतली आहे. नर्स म्हणाली, ‘त्याने काय होणार?’ मुलगी म्हणाली, ‘काही नाही.’ आणि खरंच काही झालं नाही. नियम अजून आहे. त्या फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब आलं आहे. इमारतीतले दोघे-तिघे मुलीशी बोलत नाहीत, बाकीचे पूर्वीसारखंच दार धरतात. मुलीने माफी मागितली. नर्सने माफ केलं असंही म्हटलं नाही, नाही असंही नाही. तिने भांडं उघडून एक वडी खाल्ली, गोड जास्त झालंय म्हणाली, पुन्हा झाकण लावलं. मुलीने तिला सांगितलं की सही करण्याआधी तिने मला फोन केला होता. हे तिने का सांगितलं, ते मी विचारलं नाही. लपवायचं नव्हतं, एवढंच असेल.

तेव्हा नर्सने विचारलं, ‘तुझे वडील एवढ्या लांब होते. त्यांना कसली भीती वाटली?’

हे सगळं मुलीने मला दोन दिवसांनी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनवर सांगितलं. आणि मग म्हणाली, ‘मी तिला म्हटलं, विचारून सांगते. तर सांगा.’

मी खुर्चीवर बसलो होतो. पुन्हा कॉरिडॉरचं सांगावं असं तोंडावर आलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी इतके महिने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या आजींनाही नाही. कागदाबद्दलचा तो पहिला फोन आला त्याच्या आदल्या आठवड्यात मी बातम्यांत पाहिलं होतं, तिच्या शहरापासून तासाभरावर कुणीतरी आमच्या कब्रस्तानातले दगड पाडले होते. ज्या भीतीचं आमच्या गावात नावही नव्हतं, ती ह्या वयात माझ्या घरात येऊन बसली होती.

‘बाळा,’ मी म्हणालो, ‘मला वाटलं, लोक तिच्या दाराकडे बघत आहेत तोवर तुझ्या दाराकडे बघणार नाहीत.’

मला पलीकडे ट्रे ठेवल्याचे, खुर्च्या ओढल्याचे आवाज ऐकू येत होते.

‘हे मी तिला सांगणार नाही, पप्पा,’ ती म्हणाली.

‘तिने विचारलं आहे ना. तू सांग.’

‘नाही. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. मी तिचा नंबर देते.’

तिने नंबर पाठवला. मग तिकडे तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. त्या बाईला मी अजून फोन केलेला नाही. इंग्रजीत लिहून काढलं आहे, तीनदा. प्रत्येक वेळी ते वाक्य येतं तिथे माझा हात थांबतो.